१६०० मीटरचं टायमिंग खरं किती? भरतीच्या ग्राउंडसाठी लॅप टायमर कसा निवडायचा

१६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत संपवलं तर २० पैकी २० गुण. ५ मिनिटं ११ सेकंद लागले तर १८. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या अलीकडच्या तक्त्यांत मुलांसाठी हा हिशोब आहे. मुलींना ८०० मीटरला पूर्ण गुणांसाठी २ मिनिटं ५० सेकंद लागतात. १०० मीटरला पूर्ण गुण हवे असतील तर मुलांना ११.५० सेकंद आणि मुलींना १४ सेकंद. ग्राउंड एकूण ५० गुणांचं. त्यातले निम्मे मिळवावेच लागतात, आणि पुढे प्रवर्गानुसार एका जागेला दहा उमेदवार या प्रमाणात लेखीला बोलावलं जातं. म्हणजे एका सेकंदाने दोन गुण जातात आणि दोन गुणांनी कधी कधी अख्खं वर्ष जातं. (तुमच्या भरतीचा तक्ता मात्र तुमच्या जाहिरातीतूनच बघा, मित्राने पाठवलेल्या फोटोवरून नको.)

हिंगोलीत राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ आहे. त्यामुळे इथली बरीच पोरं जिल्हा पोलीस आणि एसआरपी अशी दुहेरी तयारी करतात. एसआरपीला ५ किलोमीटर, म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकवर साडेबारा राऊंड. अग्निवीरला १.६ किलोमीटर. सेनगाव असो, कळमनुरी असो की वसमत, पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या पोरांच्या हातात फोन असतो आणि मला येणारा प्रश्न एकच असतो : "दादा, कोणतं ॲप चांगलं? कोणतं घड्याळ घेऊ?"

या प्रश्नाचं उत्तर ॲपच्या नावाने देऊन भागत नाही. आधी हे समजून घेऊ की टायमर चुकतो कुठे आणि किती. मग आपल्या खिशाला परवडेल असा पर्याय निवडू.

मोजण्याआधी गोंगाट मोजा

आपल्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी मोजणारी वेधशाळा होते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये तिच्या बांधकामाला मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटरच्या असणार, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनपेक्षाही कितीतरी लहान फरक पडला तर तो पकडायचा आहे. अशा ठिकाणी शास्त्रज्ञांचा मोठा वेळ गोंगाट ओळखण्यात जातो : जमिनीची थरथर, वाहनं, तापमान. यंत्राचा स्वतःचा गोंगाट किती हे कळल्याशिवाय दिसलेला फरक खरा की खोटा, हे सांगता येत नाही.

आपलं काम त्या मानाने सोपं आहे, पण नियम तोच. तुमच्या टायमरची चूक ५ सेकंदांची असेल आणि तुमचं टायमिंग २ सेकंदांनी सुधारलेलं दिसत असेल, तर तुम्ही खरंच सुधारलात का? सांगता येणार नाही. म्हणून टायमर निवडताना पहिला प्रश्न हा : याची चूक किती, आणि मला किती चूक चालणार आहे?

१६०० मीटरला एका सेकंदाच्या आतली चूक चालते. १०० मीटरला दशांश सेकंदही महाग पडतो. त्यामुळे दोन्हीला एकच साधन पुरेल असं नाही.

पहिली चूक वेळेची नाही, अंतराची असते

घड्याळ कितीही भारी असलं तरी १६०० मीटर हे १६०० मीटर नसेल तर टायमिंगला काही अर्थ नाही.

प्रमाणित ४०० मीटर ट्रॅकची रचना अशी : दोन सरळ बाजू प्रत्येकी ८४.३९ मीटर, आणि दोन अर्धवर्तुळं ज्यांची त्रिज्या ३६.५० मीटर. अंतर मोजतात ते आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटर बाहेर, कारण कोणी कडेवरून धावत नाही. हिशोब करून बघा, बरोबर ४०० मीटर येतं. पण हे फक्त पहिल्या लेनमध्ये. लेनची रुंदी १.२२ मीटर. दुसऱ्या लेनमधून अख्खा राऊंड मारला तर जवळपास ४०७ मीटर होतात. चार राऊंडला २८ मीटर जास्त. ५:१० च्या वेगाने धावणाऱ्याला त्यासाठी साडेपाच सेकंद जादा लागतात.

म्हणजे घोळक्यातून बाहेरच्या बाजूने चार राऊंड मारणारा पोरगा ५:१० ची ताकद असून ५:१५ ला पोहोचतो. त्याला नवीन घड्याळाची गरज नाही, आतल्या लेनची आहे.

ट्रॅक नसेल तर काय? गावाकडे मोकळं वावर किंवा शाळेचं मैदान असेल तर स्वतः ट्रॅक आखता येतो. २०० मीटरचं वर्तुळ हवं असेल तर धावण्याच्या वाटेची त्रिज्या ३१ मीटर ८३ सेंटिमीटर लागते. आपण रेषेच्या साधारण २० सेंटिमीटर बाहेरून धावतो, म्हणून फक्की ३१ मीटर ६३ सेंटिमीटरवर मारा. मधोमध खुंटी ठोका आणि स्टीलचा टेप वापरा. दोरी किंवा कासरा ताणला की लांबतो आणि तुमचा ट्रॅक वाकडा होतो. आठ राऊंड म्हणजे १६०० मीटर. लहान वर्तुळावर सतत वळण असल्याने वेग थोडा कमीच मिळतो, त्यामुळे इथल्या टायमिंगची तुलना इथल्याच टायमिंगशी करा.

पांदण रस्त्यावर सरळ अंतर मोजायचं असेल तर सायकल कामाला येते. चाकाला खूण करा, सायकल ढकलत एका फेरीत चाक किती पुढे जातं ते टेपने मोजा आणि फेऱ्या मोजत जा. हवा कमी-जास्त झाली की चाकाचा घेर बदलतो, म्हणून दरवेळी आधी एक फेरी मोजून घ्या. मोठ्या शर्यतींचे रस्तेसुद्धा सायकलच्या चाकाला बसवलेल्या काउंटरनेच मोजले जातात. गावठी वाटली तरी ही पद्धत फोनच्या जीपीएसपेक्षा नेमकी आहे.

पर्याय १ : फोनमधलं जीपीएस ॲप

फुकट आहे, हाताशी आहे, नकाशा काढून देतं. पण मर्यादा समजून घ्या.

मोकळ्या आकाशाखाली साध्या स्मार्टफोनचं जीपीएस तुमची जागा साधारण ५ मीटरच्या वर्तुळात सांगतं. धावण्याच्या ॲपमध्ये फोन सहसा सेकंदाला एक बिंदू नोंदवतो आणि ॲप ते बिंदू जोडून अंतर काढतं. बिंदू इकडेतिकडे उडाले की रेषा नागमोडी होते आणि अंतर वाढून दिसतं. उलट बॅटरी सेव्हर चालू असेल तर बिंदू विरळ होतात आणि वळणं कापली जातात. समजा दर ५ सेकंदांनी एकच बिंदू मिळाला, तर ४०० मीटरच्या ट्रॅकवर वळणांमध्येच दर राऊंडला पावणेपाच मीटर गायब होतात. चार राऊंडला १९ मीटर.

आता याचा टायमिंगवर परिणाम बघा. ॲपने "१.६ किमी पूर्ण" म्हणून सांगितलं आणि वेळ दाखवली ५:०५. तुम्ही खूश. पण प्रत्यक्षात धावलात १५७० मीटर. राहिलेल्या ३० मीटरला त्याच वेगाने आणखी ५.८ सेकंद लागले असते. खरं टायमिंग ५:१०.८. म्हणजे २० नाही, १८ गुण. चूक फक्त दोन टक्क्यांची, आणि फोनच्या जीपीएससाठी दोन टक्के काही फार नाहीत.

ॲप वापरायचंच असेल तर एवढं करा :

- सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपसाठी बॅटरीचं बंधन काढून टाका. बऱ्याच फोनमध्ये स्क्रीन बंद झाली की सिस्टीम ॲपला झोपवते.
- धावण्याआधी दोन-तीन मिनिटं मोकळ्या जागेत उभं राहून जीपीएस नीट लॉक होऊ द्या.
- फोन दोन फ्रिक्वेन्सी पकडणारा असेल तर फायदा होतो. जीपीएसटेस्ट नावाच्या मोफत ॲपमध्ये एल५ सिग्नल दिसतो का ते बघा. आपल्या नाविकचे उपग्रहही एल५ वर सिग्नल देतात.
- अंतर ॲपवर सोडू नका. मोजलेल्या अंतरावर धावा आणि ॲपकडून फक्त वेळ घ्या.

माझं मत : ५ किलोमीटरच्या रोजच्या सरावासाठी ॲप चांगलं. १६०० मीटरचं खरं टायमिंग ठरवायला नको. १०० मीटरला तर अजिबात नको.

गाडीवाल्यांचा लॅप टायमर घेतला तर?

यूट्यूबवर तुम्ही बघितलं असेल, ट्रॅकवर कार किंवा बाईक चालवणारे फोनवर रेसक्रोनो सारखं ॲप लावतात आणि सोबत सेकंदाला १० किंवा २५ वेळा जागा सांगणारा वेगळा जीपीएस रिसीव्हर ठेवतात. ॲपमध्ये नकाशावर एक आडवी रेषा आखायची. ती ओलांडली की लॅप आपोआप नोंदवला जातो. हे धावण्याला वापरता येईल का, असं मला दोघा-तिघांनी विचारलं आहे.

उत्तर साध्या भागाकारात आहे. वेळेची चूक म्हणजे जागेची चूक भागिले वेग. गाडी ताशी १८० किलोमीटरने रेषा ओलांडते, म्हणजे सेकंदाला ५० मीटर. जीपीएस ३ मीटर चुकला तर वेळ चुकते ०.०६ सेकंद. तुम्ही रेषा ओलांडता सेकंदाला ५ मीटरने. तोच जीपीएस, तीच ३ मीटरची चूक, पण वेळ चुकते ०.६ सेकंद. दहापट. जे यंत्र गाडीला नेमकं वाटतं तेच धावणाऱ्याला ढोबळ पडतं. पैसे घालवू नका.

आणि गाड्यांच्या अधिकृत शर्यतीतही निकाल जीपीएसवर लावत नाहीत. ट्रॅकखाली तारेचं वेटोळं पुरलेलं असतं आणि गाडीत ट्रान्सपाँडर असतो. फॉर्म्युला वनची वेळ हजारांश सेकंदात मोजतात. तरी १९९७ मध्ये स्पेनमधल्या हेरेझच्या ट्रॅकवर पात्रता फेरीत तीन ड्रायव्हरांची वेळ हजारांशापर्यंत अगदी सारखी आली होती!

पर्याय २ : साधं स्टॉपवॉच

काही शे रुपयांत मिळतं. फोनच्या घड्याळ ॲपमध्ये तर फुकटच असतं. १६०० मीटरसाठी माझी पहिली शिफारस हीच आहे. फक्त लॅपचं बटण असलेलं आणि निदान दहा लॅप साठवणारं बघा. कॅसिओच्या एफ-९१डब्ल्यू सारख्या स्वस्त मनगटी घड्याळात स्टॉपवॉच शतांश सेकंद दाखवतं, पण ते राऊंडची यादी साठवत नाही. एकूण वेळेला ठीक, डेटाला कमी.

स्टॉपवॉचची एक गोष्ट लक्षात ठेवा. मधल्या राऊंडला बटण दाबायला पाव सेकंद उशीर झाला तरी एकूण वेळ बिघडत नाही. एका राऊंडला वाढलेलं पुढच्या राऊंडला कमी होतं. ५ किलोमीटरला तर राऊंडची संख्या विसरण्याचा धोका मोठा असतो. दर राऊंडला बटण दाबलं की तोही मिटतो.

पण १०० मीटरला गोष्ट बदलते. शेवटच्या रेषेवर उभा असलेला मित्र शिट्टी ऐकून बटण दाबतो. आवाज १०० मीटर यायला सुमारे ०.२९ सेकंद घेतो, कारण हवेत तो सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. वर मित्राची प्रतिक्रिया आणखी ०.२ सेकंद. म्हणजे घड्याळ जवळपास अर्धा सेकंद उशिरा सुरू होतं. शेवटी मात्र तुम्ही येताना त्याला दिसत असता, त्यामुळे तो वेळेवर बटण दाबतो. निकाल : १२.० सेकंदांचा धावपटू कागदावर ११.५ चा होतो. अकॅडमीत "अकरा पन्नास" आणि ग्राउंडवर "बारा", हे असं घडतं.

उपाय : सुरुवात करणाऱ्याने शिट्टीसोबत हात किंवा झेंडा झटकन खाली आणावा आणि टायमिंगवाल्याने तो डोळ्यांनी बघून बटण दाबावं. तरीही हाताने घेतलेल्या १०० मीटरच्या वेळेची इलेक्ट्रॉनिक वेळेशी तुलना करताना ॲथलेटिक्समध्ये ०.२४ सेकंद मिळवण्याची पद्धत आहे. तुम्हीही मिळवा. हाताने ११.४ आलं तर ११.६४ समजा आणि तयारी तशी करा.

पर्याय ३ : फोनचा व्हिडिओ

१०० मीटरसाठी हा पर्याय मला सगळ्यात आवडतो, कारण फुकटात शतांशाच्या जवळ जाता येतं. सेकंदाला ६० फ्रेमचा व्हिडिओ घेतला तर दोन फ्रेममधलं अंतर ०.०१७ सेकंद. १२० फ्रेमला ०.००८.

पद्धत अशी :

1. फोन शेवटच्या रेषेच्या अगदी सरळ रेषेत, बाजूला, स्टँडवर किंवा विटांवर पक्का ठेवा. तिरका ठेवला तर छाती रेषेच्या आधीच पोहोचल्यासारखी दिसते.
2. सुरुवातीच्या आधीपासून रेकॉर्डिंग चालू ठेवा.
3. सुरुवात करणाऱ्याने दोन लाकडी फळ्या जोरात आपटाव्यात. फळीचा आवाज शिट्टीपेक्षा टोकदार असतो, त्यामुळे व्हिडिओ एडिटिंग ॲपमधल्या आवाजाच्या आलेखावर नेमकी जागा दिसते.
4. आवाजाच्या क्षणापासून छाती रेषा ओलांडेपर्यंतची वेळ फ्रेम पुढे-मागे करून काढा.
5. त्यात ०.२९ सेकंद मिळवा, कारण फोनपर्यंत आवाज तेवढा उशिरा आला आहे.

स्लो मोशन मोडमध्ये काही फोन आवाज नोंदवत नाहीत किंवा व्हिडिओची वेळ ताणून ठेवतात, म्हणून साधा ६० फ्रेमचा मोड वापरा. उजेड कमी असेल तर फोन आपोआप फ्रेम कमी करतो, त्यामुळे पहाटे अंधारात हे करू नका. व्हिडिओचा दुसरा फायदा म्हणजे सुरुवातीला तुम्ही किती वेळ उभेच राहता, तेही दुसरा फोन तिकडे लावून दिसतं.

पर्याय ४ : जीपीएस घड्याळ

धावण्यासाठी बनवलेल्या काही घड्याळांमध्ये "ट्रॅक रन" नावाचा मोड असतो. तुम्ही कोणत्या लेनमध्ये आहात ते सांगायचं, सुरुवातीचे काही राऊंड त्यात धावायचं, मग घड्याळ ट्रॅकचा आकार ओळखून अंतर दुरुस्त करतं. गार्मिन आणि कोरोस या कंपन्यांच्या धावण्याच्या घड्याळांत हे मिळतं. पण प्रमाणित ४०० मीटर ट्रॅक असेल तरच याचा उपयोग. फक्कीच्या वर्तुळावर याला काही समजत नाही.

हजार-दोन हजारांच्या स्मार्टवॉचबद्दल विचाराल तर बॉक्सवर "जीपीएस" लिहिलेलं नीट वाचा. बऱ्याच वेळा ते फोनचंच जीपीएस वापरतात, म्हणजे चूक तीच, फक्त स्क्रीन मनगटावर. मनगटावरच्या हृदयाच्या ठोक्यांचा आकडाही वेग अचानक बदलला की मागे पडतो. छातीवरचा पट्टा त्यात जास्त भरवशाचा.

माझा सल्ला : घरी कर्ज किंवा उसनवारी करून घड्याळ घेऊ नका. तेवढ्या पैशांत चांगले बूट आणि खुराक येतो, आणि टायमिंग त्याने जास्त सुधारतं.

पर्याय ५ : आरएफआयडी, म्हणजे खऱ्या ग्राउंडवरची पद्धत

अलीकडच्या भरतीत अनेक जिल्ह्यांत उमेदवारांना चिप लावून धावायला लावतात. ही चिप म्हणजे गाडीच्या काचेवरच्या फास्टॅगची बहीण. दोन्हींत बॅटरी नसते. अँटेनाने सोडलेल्या रेडिओ लहरींवरच चिप क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. रेषेवरची मॅट किंवा कमान तो क्रमांक वेळेसह नोंदवते. राऊंडही तीच मोजते, त्यामुळे "माझे चार झाले, तुम्ही तीनच लिहिले" हा वाद कमी होतो.

फोनच्या एनएफसीने ही चिप वाचता येत नाही. एनएफसीची पोहोच काही सेंटिमीटर आणि फ्रिक्वेन्सीही वेगळी. चिप वाचणारे रीडर वैयक्तिक सरावासाठी महाग पडतात. मोठ्या अकॅडमीने किंवा चार-पाच अकॅडमींनी मिळून घेतले तर अर्थ आहे, तेही महिन्यातून एकदा पूर्ण चाचणी घ्यायला.

मात्र चिपचा स्वभाव माहीत असावा. माणसाच्या शरीरातलं पाणी या लहरी शोषून घेतं आणि धातू त्यांना अडवतो. म्हणून चिप सांगितली तिथेच लावा, दुमडू नका, तिच्यावर हात किंवा साखळी येऊ देऊ नका. मॅटच्या आधी थांबू नका, ती पार करून दोन-चार पावलं पुढे जा.

मग कुणी काय घ्यावं?

- एकटे सराव करता, खर्च नको : मोजलेलं अंतर आणि फोनचं स्टॉपवॉच. १०० मीटरला व्हिडिओ.
- तीन-चार मित्रांचा ग्रुप : दहा लॅपचं एक स्टॉपवॉच, एक शिट्टी, एक झेंडा, दोन फळ्या. धावणारे बदलत जा, टायमिंगवाला मात्र शक्यतो एकच ठेवा, म्हणजे चूक तरी सारखी राहते.
- ५ किलोमीटरची तयारी : जीपीएस ॲप चालेल, पण आठवड्यातून एकदा मोजलेल्या ट्रॅकवर साडेबारा राऊंड.
- अकॅडमी चालवता : आधी ट्रॅक टेपने मोजून घ्या. आरएफआयडीचा विचार त्यानंतर.

डेटा : पाच रकाने पुरेत

गूगल शीट उघडा. रकाने : तारीख, जागा, मोजण्याची पद्धत, चार राऊंडचे सेकंद, एकूण. शेजारी झोप, ऊन, पायाचं दुखणं यासाठी एक मोकळा रकाना. वेळ कायम सेकंदांत लिहा, ५:१० ऐवजी ३१०. शीटमध्ये ५:१० टाकलं की ती त्याला ५ तास १० मिनिटं समजते आणि पुढचा सगळा हिशोब कोसळतो.

३१० सेकंदांचे चार सारखे भाग केले तर दर राऊंड ७७.५ सेकंद. मुलींच्या ८०० मीटरला १७० सेकंदांचे दोन भाग, दर राऊंड ८५. आता उदाहरण म्हणून दोन धावा बघा :

पहिली : ७०, ७८, ८४, ८०. एकूण ३१२.
दुसरी : ७७, ७८, ७९, ७५. एकूण ३०९.

एकूणात फरक तीनच सेकंदांचा. पण पहिल्या धावेत सगळ्यात जलद आणि सगळ्यात संथ राऊंडमध्ये १४ सेकंदांचं अंतर आहे, दुसऱ्या धावेत ४. पहिल्या पोराची ताकद कमी नाही. तो शिट्टी वाजली की घोळक्यासोबत सुसाट सुटतो आणि तिसऱ्या राऊंडला त्याची किंमत मोजतो. हे नुसत्या एकूण टायमिंगवरून कधीच कळलं नसतं. लॅप टायमर घ्यायचा तो यासाठी. शीटमध्ये हा एक रकाना जरूर वाढवा : सर्वात संथ राऊंड वजा सर्वात जलद राऊंड. तो आकडा महिन्याभरात खाली आला की तुमची तयारी योग्य दिशेने चालली आहे.

पूर्ण चाचणी रोज घेऊ नका, दहा-पंधरा दिवसांतून एकदा पुरे. आणि पद्धत बदलली, म्हणजे ॲपवरून स्टॉपवॉचवर आलात, तर जुन्या आकड्यांशी तुलना करू नका. एक धाव दोन्ही पद्धतींनी मोजा, फरक लिहून ठेवा, मग पुढे चला.

नकाशा कोण बघतंय?

स्ट्रावा सारख्या ॲपवर तुमची धाव सगळ्यांना दिसू शकते : घरापासून निघण्याची जागा, वेळ, रोजचा रस्ता. पहाटे एकट्या धावणाऱ्या मुलींनी हे पहिल्याच दिवशी बंद करावं. सेटिंगमध्ये धाव "फक्त मला" ठेवा आणि नकाशावरून सुरुवात व शेवट लपवा. २०१८ मध्ये याच ॲपच्या जगभरच्या नकाशावरून लष्करी तळांमधल्या धावण्याच्या वाटा उघड्या पडल्या होत्या. वर्दीच्या नोकरीत जायचंय, तर ही सवय आत्तापासूनच लागलेली बरी.

दुसरं, कानात इअरफोन घालून हायवेवर टायमिंग लावू नका. जानेवारी २०२५ मध्ये बीड जिल्ह्यात घोडका राजुरी इथे रस्त्यावर सराव करणाऱ्या तीन तरुणांचा बसखाली जीव गेला. मैदान लांब असलं तरी मैदानावर जा. रस्ताच असेल तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने पळा आणि अंगात चमकणारा पट्टा घाला.

ग्राउंडच्या दिवशी

त्या दिवशी फोन सोबत नसतो, आणि घड्याळ चालेल की नाही ते प्रवेशपत्रावरच्या सूचनांत बघावं लागतं. म्हणून शेवटच्या महिन्यात आठवड्यातून एकदा हा सराव करा : घड्याळ मित्राकडे द्या, एक राऊंड मारा आणि त्याने सांगायच्या आत तुम्ही सांगा किती सेकंद झाले. सुरुवातीला अंदाज पाच-सात सेकंदांनी चुकेल, मग तीन, मग एक.

चिप मिळाली की तिचा क्रमांक तुमच्या चेस्ट नंबरशी जुळतो का ते तिथेच तपासा. राऊंड स्वतःही मोजा. वेळ शिट्टीपासून धरणार की तुम्ही मॅट ओलांडल्यापासून, हे सूचना देताना नीट ऐका. शिट्टीपासून असेल तर मागच्या रांगेत उभं राहणं परवडत नाही. धावल्यावर आकडा पटला नाही तर मैदान सोडण्याआधी तिथल्या अधिकाऱ्यांकडे अपील करा, घरी आल्यावर कोणी ऐकत नाही. तेव्हा स्वतःच्या राऊंडचा हिशोब पक्का माहीत असेल तर "साहेब, माझे चार राऊंड झाले" हे वाक्य ठामपणे बोलता येतं.